भिंतीवरची अबोल पंगत

प्रश्न

इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका छोट्या शहरात राहणाऱ्या वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील गाळून थोडक्यात देते.

ताई आणि त्यांचे पती दोघंही मूळचे महाराष्ट्रातले. पती मुंबईत शिकलेले आर्किटेक्ट. गेल्या वर्षी त्यांनी लाल विटांच्या एका जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. ही इमारत आधी वर्कहाऊस (निराधार गरिबांना आत ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारी संस्था) होती, मग हॉस्पिटल झाली आणि आता तिचे फ्लॅट झाले आहेत. पतींना इमारतीच्या इतिहासाचं वेड लागलं. जेवणाच्या टेबलामागच्या मोठ्या भिंतीसाठी त्यांनी जुन्या वर्कहाऊसचे तीन फोटो निवडले आणि ते अल्युमिनियमच्या पत्र्यावर मोठे छापून घ्यायचं ठरवलं. एकात भोजनगृहात ओळीने बसलेल्या, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका आहेत, दुसऱ्यात जुने दोरखंड उकलणारे म्हातारे आणि तिसऱ्यात अंगणात रांगेत उभी केलेली मुलं. पैकी बायकांचा ४० इंच बाय ३० इंचाचा प्रिंट येऊन पडला आहे.

सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी (नगर जिल्ह्यातल्या, वय सत्तरीच्या आसपास) तो पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर कामावरची माणसं दिसतायत. यांच्यासमोर बसून जेवायचं होय?" तेव्हापासून त्या टेबलावर बसत नाहीत, ओट्यापाशीच जेवतात. पती म्हणतात, ही अंधश्रद्धा आहे. शेजारचे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ चहाला आले होते. ते प्रिंटकडे बघत राहिले, "माझी आई अशाच एका ठिकाणी जन्मली" एवढंच बोलले आणि अर्धा चहा ठेवून गेले. नऊ वर्षांच्या मुलीने लॅपटॉपवर मुलांचा फोटो पाहून एका मुलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिचं नाव काय?" ताईंचे प्रश्न असे: हे फोटो लावावेत का? न लावणं म्हणजे इतिहास लपवणं नाही का? आणि सासूबाईंना कसं समजवावं?

उत्तर

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण पत्र तीनदा वाचूनही माझं मन तिथेच अडकलं. सासूबाईंना कसं समजवावं, असं तुम्ही विचारता. मला वाटतं, त्या जे बोलल्या ते अजून कोणी नीट ऐकलेलंच नाही.

"कामावरची माणसं." हा शब्द तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. नगर जिल्ह्यातल्या सत्तरीच्या बाईच्या तोंडी 'कामावर' म्हणजे ऑफिसात किंवा कारखान्यात नव्हे. १९७२ च्या दुष्काळात 'कामावर जाणं' म्हणजे दुष्काळी कामावर जाणं. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सगळ्यांत जास्त लोकांच्या आठवणीत राहिलेली ती खडी. उन्हात बसून दगड फोडायचे, ढीग मोजून घ्यायचा, हप्त्याची वाट पाहायची. जेवणात सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. घरची शेती असलेली, कधी दुसऱ्याच्या दारात हात न पसरलेली माणसं त्या वर्षी रांगेत उभी राहिली. तेव्हा तुमच्या सासूबाई सतरा-अठरा वर्षांच्या असतील. त्या स्वतः कामावर गेल्या होत्या की त्यांची आई गेली होती, की त्यांनी फक्त येणारी-जाणारी माणसं पाहिली, मला माहीत नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नसावं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज बायकांचा फोटो बघून, एक अक्षर इंग्रजी न वाचता, त्यांनी त्या माणसांना ओळखलं. हे साधं नाही.

म्हणून 'अंधश्रद्धा' हा शब्द तेवढा मागे घ्या. भूक माहीत असलेल्या बाईला भुकेच्या चित्रासमोर घास उतरत नाही, यात श्रद्धेचा काही संबंध नाही.

आता ती माणसं कोण होती, ते पाहू. वर्कहाऊसला मराठीत नेमका शब्द नाही. अनाथाश्रम म्हणावं तर तिथे धडधाकट बाप्येही होते. धर्मशाळा म्हणावी तर धर्म नावापुरताच होता. तुरुंग म्हणावा तर दार उघडं होतं, अर्ज करून बाहेर पडता येत होतं. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांच्या मदतीचा नवा कायदा झाला. आजूबाजूच्या पॅरिशेस (चर्चच्या नावाने ओळखले जाणारे गावागावांचे विभाग) एकत्र करून त्यांची 'युनियन' बनवली, त्यावर निवडून आलेलं गार्डियन मंडळ बसवलं आणि घरबसल्या मिळणारी मदत शक्य तितकी बंद करून 'मदत हवी तर आत या' असं धोरण ठरलं. त्यामागचं तत्त्व एका वाक्यात सांगता येतं: आतलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्याहून वाईटच वाटलं पाहिजे, म्हणजे खरा नाइलाज झालेलाच आत येईल.

आत गेलं की घरचे कपडे काढून घेत आणि संस्थेचे देत. नवरा पुरुषांच्या भागात, बायको बायकांच्या भागात, मुलं तिसरीकडे. १८४७ पासून साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली मागता येऊ लागली, पण अशा खोल्या फार थोड्या ठिकाणी बांधल्या गेल्या. कामं ठरलेली: बायकांना धुणं, घासणं, शिवणं, पुरुषांना दगड फोडणं, आणि जहाजांच्या जुन्या, डांबर लागलेल्या दोरखंडांचे पीळ बोटांनी उकलून त्यांचे तंतू मोकळे करणं. ते तंतू जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला जात. तुमच्या दुसऱ्या फोटोतले म्हातारे हेच करताहेत. दगड फोडणं तर तुमच्या सासूबाईंना समजावून सांगायची गरजच नाही.

सगळीकडे सारखंच होतं असं नाही. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं भुकेने त्या हाडांवरचं कुजकं मांस आणि आतला मगज खात होती, हे १८४५ साली उघड झालं आणि त्या गदारोळात सगळ्या वर्कहाऊसवर देखरेख करणारं लंडनचं कमिशनच १८४७ मध्ये बदललं गेलं. दुसऱ्या टोकाला, शतक संपता संपता बऱ्याच ठिकाणी जेवण सुधारलं, आजाऱ्यांसाठी चांगले वॉर्ड बांधले गेले आणि त्याच इमारती पुढे १९४८ साली नॅशनल हेल्थ सर्व्हिसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, हॉस्पिटलं झाल्या. तुमचीही तशीच झाली असणार. पण भीती मात्र इमारतीत तशीच राहिली. हॉस्पिटल झाल्यावरही जुनी माणसं तिथे दाखल व्हायला घाबरत, कारण त्यांच्या लेखी ते वर्कहाऊसच होतं.

जेवणाच्या खोलीतल्या त्या फोटोवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तो मी पाहिला आहे. लंडनच्या सेंट मेरिलेबोन आणि सेंट पँक्रस इथल्या वर्कहाऊसांतल्या भोजनगृहांचे या जातीचे फोटो प्रसिद्ध आहेत. आपल्या पंगतीत समोरासमोर दोन ओळी असतात, मधून वाढपी फिरतो, 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, आग्रह होतो, समोरच्याच्या ताटाकडे लक्ष जातं. त्या फोटोत मात्र सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले आहेत, शाळेच्या बाकांवर बसावं तसे. समोर दिसते ती पुढच्याची पाठ. जेवताना शांतता पाळायची हा नियमच होता. आहाराचा तक्ता भोजनगृहात टांगलेला असे, आणि वाढलेलं कमी वाटलं तर ते आपल्या डोळ्यांसमोर वजन करून मागण्याचा हक्क तिथल्या माणसाला होता. हा हक्क लिहून द्यावा लागला, यावरून तिथे वाढप कसं होत असेल याची कल्पना येते.

तुम्ही जी भिंत निवडलीत ती तुमच्या पंगतीची भिंत आहे. तुमच्या घरी चार माणसं बोलत, हसत, एकमेकांना वाढत जेवणार आणि मागे चाळीस इंची पत्र्यावर ती मुकी ओळ. तुमच्या पतींना यात अर्थपूर्ण विरोधाभास दिसला असेल. ते प्रामाणिक आहेत याबद्दल मला शंका नाही. पण रोज दोन वेळा बघितलेलं चित्र पंधरा दिवसांत दिसेनासं होतं आणि मग उरते फक्त सजावट. माझी खरी हरकत इथे आहे. दुःख भिंतीवर लावण्याला नाही, ते दिसेनासं होण्याला आहे.

आता 'इतिहास लपवायचा का' याकडे येते. नाही, मुळीच नाही. पण या फोटोंतून दिसतो तो कोणाचा इतिहास, हे आधी बघायला हवं.

पहिली गोष्ट, यांना 'व्हिक्टोरियन', म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातले, म्हणताना जरा तारखा तपासा. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. वर्कहाऊसच्या आतले जे फोटो आज सगळीकडे फिरतात त्यांतले बरेच १९०० च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे आहेत. कायदा नवा आणि सर्वांत कठोर होता तेव्हा, म्हणजे १८३० आणि ४० च्या दशकांत, फोटोग्राफी नुकती जन्मत होती. त्या काळातल्या भुकेचा फोटोच नाही.

दुसरी गोष्ट, कॅमेरा आत नेला कोणी? संस्थेच्या परवानगीने आलेल्या माणसाने. भोजनगृह स्वच्छ, ओळी सरळ, टोप्या पांढऱ्याशुभ्र. हे फोटो बऱ्याचदा व्यवस्था किती चोख आहे ते दाखवायला काढलेले असत. आपल्याला ते करुण वाटतात, काढणाऱ्याला त्यांत शिस्त दिसत होती. आणि बसलेल्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. त्याच काळात बर्नार्डो हे मुलांसाठी आश्रम चालवणारे गृहस्थ मुलांना मुद्दाम फाटकं दाखवून 'आधीचा' फोटो आणि मग नीटनेटकं करून 'नंतरचा' फोटो काढत, म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि १८७७ मध्ये ते प्रकरण लवादापुढे गेलं. गरिबाच्या फोटोचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाच्या माणसांनाही पडला होता, एवढंच यातून घ्या.

त्याच साली, १८७७ मध्ये, जॉन थॉम्सन या फोटोग्राफरने लंडनच्या सेंट जाइल्स भागात वर्कहाऊसच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका बाईचा फोटो प्रसिद्ध केला. मांडीवर तान्हं मूल, डोळे अर्धे मिटलेले. नुसता फोटो बघितला तर वाटतं, आई आणि बाळ. पण सोबतच्या मजकुरात लिहिलं आहे की ती एका शिंप्याची विधवा आहे, मूल तिचं नाही. मुलाची आई कामावर गेली आहे आणि ते दिवसभर सांभाळल्याबद्दल हिला चहा आणि थोडा पाव मिळतो. ही दोन वाक्यं वाचली की फोटो बदलतो. ती 'गरीब बाई' राहत नाही. जिला अजून एक काम आहे, एक सौदा आहे, जिच्यावर कोणी विश्वासाने मूल सोपवलं आहे अशी बाई होते. तुमच्या मुलीने "हिचं नाव काय?" विचारलं ना, तिला हेच हवं होतं. घरातल्या पाच माणसांत सर्वांत योग्य प्रश्न तिने विचारला.

पाचवे तुमचे शेजारी. त्यांना मी घरातलंच धरते, कारण ते चहाला येतात. त्यांच्या आईबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर तसं लिहिलेलं असे आणि तो डाग जन्मभर पुरत असे. म्हणून १९०४ पासून दाखल्यांवर वर्कहाऊस हा शब्द न घालता नुसता रस्त्याचा पत्ता लिहावा, अशी पद्धत सुरू झाली. लिव्हरपूलचं प्रचंड मोठं वर्कहाऊस ब्राउनलो हिल या रस्त्यावर होतं (आज तिथे कॅथॉलिक कॅथीड्रल उभं आहे), तिथे जन्मलेल्यांच्या दाखल्यावर '१४४ए, ब्राउनलो हिल' एवढंच असे. कोणीतरी चांगुलपणाने त्या मुलांना एक साधा पत्ता दिला. तुमच्या शेजाऱ्यांच्या आईने आयुष्यभर काय सांगितलं असेल, काय झाकलं असेल, आणि त्यांना ते कधी कळलं असेल? त्यांनी तुम्हाला ते एका वाक्यात सांगून टाकलं. नंतर चहा राहिला तर नवल नाही.

तुम्ही लिहिता, 'इतक्या जुन्या गोष्टीने आता कोण दुखावणार?' एका महिन्यात दोन माणसं दुखावलेली तुम्ही स्वतः पाहिलीत.

आणि 'आपला त्याच्याशी काय संबंध' असंही एक वाक्य पत्रात आहे, जरा सुटकेच्या सुरातलं. संबंध आहे. इंग्लंडमध्ये वर्कहाऊससाठी जी विचारसरणी घडली, की मदत सुखाची असता कामा नये आणि ती कष्टाच्या कसोटीवर पारखूनच द्यावी, तीच आपल्याकडच्या दुष्काळी कामांत आली. १८७६-७७ च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी मजुरी पुरेशी मानली. मजुरी कापल्यावर दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. शिवाय मुंबईहून बोटींवर गेलेले लस्कर खलाशी लंडनच्या गोदीत निराधार होऊन अशाच दारांशी पोहोचत होते. म्हणजे सासूबाईंनी जी नाळ ओळखली ती कल्पनेतली नाही.

तुमच्या पतींनाही एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. १८३५ च्या सुमारास सँपसन केंपथॉर्न या आर्किटेक्टने वर्कहाऊसचे नमुना नकाशे तयार केले. त्यात क्रुसाच्या आकाराचा एक होता, इंग्रजी Y च्या आकाराचा एक; मधोमध देखरेखीची जागा आणि भोवती पुरुष, बायका, मुलं यांची वेगवेगळी अंगणं. त्यांच्याकडे सहायक म्हणून काम केलेल्या एका तरुणाने पुढे भागीदार मोफाट यांच्यासोबत अनेक वर्कहाऊस बांधली. त्याचं नाव जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. तुमचे पती मुंबईत शिकत असताना ज्याच्या सावलीतून गेले असतील तो राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह याच स्कॉटच्या नकाशांवर उभे आहेत. इतिहासाशी त्यांचं नातं जोडायला त्या बायकांच्या चेहऱ्यांची गरज नाही, त्यांचं खरं नातं रेषांशी आहे.

म्हणून माझं पहिलं सुचवणं असं: जेवणाच्या भिंतीसाठी इमारतीचा मूळ नकाशा शोधा. जिल्ह्याच्या अभिलेखागारात युनियनची कागदपत्रं बऱ्याचदा असतात, आणि जुन्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर तर वर्कहाऊसच्या अंगणांच्या भिंतीसुद्धा दिसतात. तो खुशाल धातूवर छापा. धातूला रेषा शोभतात. तुमचं जेवणाचं टेबल कोणत्या भागात येतं ते त्यावर शोधता येईल, आणि मुलीला 'आई इकडे, बाबा तिकडे, मुलं तिकडे' हे एका बोटाने दाखवता येईल. ते दाखवताना तिचा चेहरा बघा, आणि कितपत सांगायचं ते त्यावरून ठरवा.

माणसांचे फोटो लावायचेच असतील तर ते धातूवर नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण नुसतं भावनेचं नाही. मेटल प्रिंट करताना आधी खास कागदावर चित्र छापतात, मग तो लेप दिलेल्या अल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सियसला दाबतात. शाईची वाफ होऊन ती लेपात मुरते. त्यामुळेच ते चकाकतं आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. पण पत्र्यावर पांढरा थर नसेल तर चित्रातली प्रत्येक पांढरी जागा चांदीसारखी चमकते. टोप्या, वाडगे, पावाचे तुकडे, सगळं लखलखतं. पांढरा थर घेतला तरी चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचं आणि तुमचंच प्रतिबिंब पडतं. आणि आकार! ४० इंच रुंदीला इंचाला १५० ठिपके धरले तरी मूळ प्रत ६,००० ठिपके रुंद हवी. इंटरनेटवरच्या प्रती तेवढ्या क्वचितच असतात, त्यातून बऱ्याच जुन्या पुस्तकांतल्या छपाईवरून काढलेल्या, जाळीचे ठिपके दिसणाऱ्या. मग छापणारे सॉफ्टवेअरने चित्र 'साफ' करून देतात. ते सॉफ्टवेअर चेहऱ्यात नसलेले डोळे भरतं, नसलेलं नाक रेखतं. भिंतीवर येते ती बाई कधी जन्मलीच नव्हती. आलेला प्रिंट उजेडात धरून मागच्या ओळीतले चेहरे बघा. सगळे एकाच साच्यातले, गुळगुळीत वाटले तर काय झालं असेल ते तुमच्या लक्षात येईल.

धातूवरचे फोटो त्या काळीही होते, बरं का. लोखंडाच्या पातळ पत्र्यावरचे टिनटाइप १८५० च्या दशकापासून निघाले आणि जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर साधी माणसं ते स्वस्तात काढून घेत. तळहातावर मावतील एवढे. स्वतःच्या पैशाने, केस विंचरून, असतील ते चांगले कपडे घालून. तुमच्या भागातल्या जुन्या बाजारात असा एखादा मिळाला तर अवश्य घ्या. त्यातल्या माणसाने स्वतः ठरवून आपला चेहरा पुढे केलेला आहे.

बायकांचा तो फोटो ठेवायचाच असेल तर ज्या अभिलेखागाराकडे मूळ आहे त्यांच्याकडून चांगली प्रत घ्या. इतक्या जुन्या फोटोंचा कॉपीराइट बहुतेक संपलेला असतो, पण प्रत देण्याच्या त्यांच्या अटी असतात, त्या पाळा. साध्या कागदावर, आठ-दहा इंचांचा, काचेच्या फ्रेममध्ये. रंग भरू नका, कडा कापू नका. आणि जागा येण्याजाण्याच्या वाटेवरची निवडा, जिथे माणूस थांबून, वाकून बघेल. खाली लिहा: कोणतं वर्कहाऊस, साल काय, काढला कोणी, किंवा काढणारा अज्ञात. इंग्रजीत लिहा आणि मराठीतही. इंग्रजी तुमच्या पाहुण्यांसाठी, मराठी सासूबाईंसाठी.

त्याहून चांगलं म्हणजे नावं शोधा. १८८१ च्या जनगणनेत वर्कहाऊसमध्ये त्या रात्री असलेल्या माणसांची नोंद आहे: वय, आधीचा धंदा, जन्मगाव. त्याआधी १८६१ साली पार्लमेंटने पाच वर्षांहून जास्त काळ सलग वर्कहाऊसमध्ये असलेल्या प्रौढांची युनियनवार, नावानिशी यादी छापली होती, प्रत्येकाच्या पुढे कारण देऊन. तुमच्या युनियनचं पान त्यात सापडेल. मुलीला सोबत बसवा. फोटोतल्या मुलीचं नाव सापडणार नाही, हे तिला खरं सांगा. पण तुमच्याच छताखाली झोपलेल्या नऊ वर्षांच्या एखाद्या मुलीचं नाव सापडू शकतं. ते एक नाव तिच्या अक्षरात लिहून दाराशी लावलंत तरी तिन्ही प्रिंटपेक्षा जास्त होईल.

अशा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या इतरांनीही मला असंच विचारलं असतं तर त्यांना हेच सांगितलं असतं. हॉटेल किंवा ऑफिस सजवणाऱ्यांना मात्र याहून कडक सांगेन: ज्या फोटोखाली दोन खऱ्या ओळी लिहायची तुमची तयारी नाही, तो लावू नका. आपल्याकडेही हॉटेलांतून जुन्या मजुरांचे, पाणी भरणाऱ्या बायकांचे मोठमोठे फोटो 'गावरान लूक' म्हणून लावलेले दिसतात. त्यांची नावंही कुठे नसतात.

शेजाऱ्यांकडे तुम्ही जा, पती नकोत, निदान पहिल्यांदा. माफी मागायला म्हणून जाऊ नका, अर्धा राहिलेला चहा पुरा करायला म्हणून बोलवा. आईबद्दल ते बोलले तर ऐका, नाही बोलले तर विचारू नका. नंतर कधी त्यांचं मन असेल तर साउथवेलचं वर्कहाऊस बघायला सगळे मिळून जा. नॉटिंगहॅमशायरमधलं, १८२४ साली बांधलेलं, आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. मोकळ्या खोल्या आणि अंगणांच्या उंच भिंती फोटोपेक्षा जास्त बोलतात. सासूबाईंनाही न्या, पण आधी विचारून.

त्याआधी एक संध्याकाळ सासूबाईंसाठी राखा. प्रिंटचा विषय काढू नका. 'आई, बहात्तर साली तुमच्याकडे कोण कोण कामावर जायचं?' एवढंच विचारा. तुमच्या पतींनी हे कधी विचारलेलं नसणार, ही माझी अटकळ. मुलांना आया हे आपणहून सांगत नाहीत. त्यांनाही शेजारी बसवा. कदाचित घरात एखादा फोटो असेल, कदाचित नसेल. त्या वर्षी फोटो काढायला पैसे कोणाकडे होते? बोलतील तेवढं फोनवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. मग त्या भिंतीवर काय लावायचं, ते पुन्हा सगळ्यांनी मिळून ठरवा. त्यांचं मतही एक मत.

राहता राहिला तो आलेला प्रिंट. आपल्या मापाने छापून घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घेण्याची सक्ती तिथल्या कायद्यात विक्रेत्यावर नसते, पण विचारून बघा. उरलेल्या दोन्हींची ऑर्डर छापण्याआधी थांबवता येईल, ते मात्र आजच करा. परत गेला नाही तर गावातल्या इतिहास मंडळाला किंवा शाळेला हवा आहे का विचारा, त्याबरोबर दोन ओळी लिहून द्या. इमारतीच्या सामाईक प्रवेशद्वारात लावायची कल्पना कोणी काढली तर आधी सगळ्या रहिवाशांना विचारा. तुमचे शेजारी तिथूनच रोज येतात-जातात. तोवर त्याला जुन्या मऊ साडीत गुंडाळा आणि कपाटामागे उभा ठेवा. आडवा ठेवू नका, वर काही पडलं तर पत्र्याचे कोपरे वाकतात.